सरळ थांबणारी गाडी

ती. दादा,

सविनय नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देत असेल, वहिनींचा खोकला गेला असेल, आणि तुमच्या धाकट्या बहिणीने (म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी) माहेरी येऊन माझ्याबद्दल जे सांगितलंय, त्यातलं निम्मं तरी तुम्ही सोडून दिलं असेल. रविवारी तिला न्यायला येतोय. प्रश्न एवढाच, की ती माझ्या गाडीत बसेल का?

झालं ते तिने तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. शेडमध्ये तीन वर्षं खपून मी स्वतः बांधलेली गाडी तिला घेऊन पहिल्यांदाच ओल्या रस्त्यावर काढली. मांजर आडवं आलं, ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि गाडी गर्रकन फिरून घराकडे तोंड करून थांबली. (मांजर सुखरूप आहे. तिने त्याची चौकशी केली, माझी नाही.) ती उतरली, पायी घरी गेली आणि म्हणाली, ही सरळ थांबेल त्या दिवशी बसेन. दादा, या गाडीचा एकेक बोल्ट मी तिच्यासाठी आवळला हो! तेव्हापासून जिवाला चैन नाही.

म्हणून एबीएस बसवायला घेतलं. चाक जाम व्हायला लागलं, की हा डबा त्याचा ब्रेक क्षणभर सोडतो आणि पुन्हा धरतो. डबा भंगारवाल्याकडे मिळाला. चार चाकांना चार सेन्सर लावले, नळ्या जोडल्या, त्यांतली हवा काढली (पेडल दाबायला शेजारच्या दंतवैद्यांना बसवलं होतं, ते दर वेळी सवयीने "थोडं दुखेल हं" म्हणत होते) आणि गाडी गल्लीत काढली. ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थडथडलं, पण गाडी थांबायचं नाव घेईना. ती शांतपणे, अगदी सरळ, त्याच दंतवैद्यांच्या कुंपणात घुसली. ते बाहेर आले, मागोमाग तोंडात कापूस धरलेला पेशंट. थांबता येत नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. मी थांबतच होतो, हे काही त्यांना पटलं नाही.

गाडी ढकलत परत आणताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्हाला ठाऊकच आहे, पुढची चाकं मालवाहू व्हॅनची आहेत आणि मागची छोट्या गाडीची (म्हणून ती कायम आभाळाकडे बघते). मोठं चाक सावकाश फिरतं. डब्याला वाटलं, पुढची चाकं जाम होताहेत, आणि त्या भल्या जिवाने मदत म्हणून ब्रेकच सोडून दिले! आता चारही चाकं एका मापाची बसवली आहेत. काल गल्लीत पाणी मारून पाहिलं, गाडी सरळ थांबते. तरी हे लिहिताना दोनदा उठून पेडल दाबून आलो. तिला एवढं सांगा.

तुमचे (तुम्हीच म्हणता म्हणून)
जावईबापू

ता. क. सांगताना वहिनींना हसू देऊ नका.

ता. क. २. आत्ताच तिचा फोन आला. म्हणाली, "गाडी घेऊनच या. ब्रेकची भीती मला कधीच नव्हती. तुम्ही रस्ता सोडून इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून चालवता, त्याची आहे. परतताना मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा." मला इतका आनंद झाला, की तडक शेडमध्ये जाऊन शेजारच्या सीटवर बसून पाहिलं.

ता. क. ३. दादा, त्या सीटला पट्टाच नाही. तीन वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही. तिथे मी बसणार म्हटल्यावर पहिल्या मिनिटात आलं. हे तिला कळायच्या आत बसवतो. काहीही करा, पण तिला आणखी चार दिवस ठेवून घ्या.