सायबाचं कुरळं कुत्रं

नगर कॅम्प, सन १९४७

चि. कारभारीला थोरल्या भावाचा आशीर्वाद.

न्हाई, मला म्हातारपनी कुत्र्याचं याड लागलेलं न्हाई. सायेब विलायतेला निगाला. बंगला रिकामा हुतुया, तवा माझं माळीकाम बी संपलं. जाताना कुत्र्याला गोळी घालतो म्हनला. मी म्हनलं, "मला द्या." बोलनं एवढंच झालं.

आई विलायती, बाप कॅम्पातला गावठी. म्हून केस कोकरावानी कुरळं अन् अक्कल आपल्यासारखी. केस गळत न्हाईत, वाढतच ऱ्हात्यात. मडम रोज फनी करायची. मला कुठला तेवढा दम? मेंढरागत कातरून काढलं. आता थंडीनं कुडकुडतंय, म्हून माझ्या घोंगडीत निजतंय. केस वाढंपतुरच हां.

अंघूळ घालताना कानात पानी जाऊ द्यायचं न्हाई, ध्यानात ठिव.

मडम गेल्यापास्नं दाराकडं बघत बसलं हुतं, भाकरीला शिवलं न्हाई. काल दुधात कुस्करून हातानं चारली, तवा खाल्ली. मग माझ्या बी घशाखाली घास उतरला.

मेंढरं बरी हायेत का? तुझ्या भावजयीची कंबर कशी हाय? तिला सांग, कुत्रं चुलीपाशी येनार न्हाई.

बाजाराच्या दिशी जामखेडला उतरतो. मेंढरांमागची आपली कुत्री बांधून ठिव, ती ह्याला फाडतील. इसरू नको.

नाव इचारू नको. सायबानं ठिवलेलं माझ्या तोंडात बसत न्हाई, अन् मी काय हाक मारतो ते सांगनार न्हाई.

तुझा दादा
कानिफनाथ