सभासदाने स्वतः बोलावं म्हणे

बारक्या,

उठलास की आधी हे वाच, चहा नंतर. मी ड्यूटीवर निघालेय, फोन लॉकरमध्ये असेल.

त्या कॉम्प्युटर मासिकवाल्यांनी बाबांची वर्गणी परस्पर पुढे चालू केली आणि आईच्या जोडखात्यातून पैसेही कापले. मी मृत्यूचा दाखला पाठवला होता. त्यावर उत्तर काय, तर 'आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार'. काल फोन केला, तर तिथली बाई म्हणते, बंद करायचं तर सभासदाने स्वतः बोलायला हवं. मी म्हटलं, ते वारले. ती म्हणाली, हरकत नाही, त्यांना सवडीने फोन करायला सांगा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सरळपणे सांगून झालं. आता तू फोन लाव आणि बाबा हो. तुझा आवाज हुबेहूब त्यांचा आहे, खोकल्यासकट. सभासद क्रमांक टेबलावरच्या पाकिटावर आहे. ते सवलत देतील, फुकट अंक देतील, अजिबात बधू नकोस. बाबा चिडल्यावर बोलायचे तसं हळू, एकेक शब्द तोडून बोल. बंद केलं असं त्यांच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस.

फक्त आई भाजी आणायला खाली उतरली की मगच लाव. ती घरात असताना तसं बोलायचं नाही. परवा तू बाथरूममधून टॉवेल मागितलास, तेव्हा ती हातातलं काम टाकून लगबगीने उठली आणि कपाटातून बाबांचा टॉवेल काढून दारापर्यंत आली होती.

ताई