पंचावन्न घोडे

कोइमतूर
रविवार, १९ जानेवारी २०२५

आबा,

तर तुमी परवा आईच्या हातनं फोन ओढून घेतलात आणि "राँग नंबर हाय" म्हणून ठेवून दिलात. पोटच्या पोराला राँग नंबर! मी काय मागत व्हतो? आईच्या गुडघ्याचं विचारत व्हतो. मागच्या दिवाळीला तेच, त्याच्या आधी पाडव्याला तेच. बोलायचं न्हाय ठरवलंय तर नका बोलू. पण मंग लासुर्ण्याच्या डेअरीवर रोज सकाळी माझं नाव तरी कशाला काढता? हितं हजार किलोमीटरवर माझ्या कानावर येतं सगळं.

असो. पाया पडतो. तुमी पाय मागं घ्याल, तरी पडतो.

मी बरा हाय. जेवण भाताचं हाय, आता सवय झाली. आईला सांगा, तिनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी संपली, पण परत पाठवू नको म्हणावं, पोस्टात तेल गळतं. डाळिंबाची बाग यंदा धरली का न्हाय ते तिनं सांगितलं न्हाय. तुमची शुगर किती आली तेबी सांगितलं न्हाय.

मोबाईलवर लिवलं असतं तर तुमास्नी दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं असतं. हे तुमी एकट्यानं चष्मा लावून वाचायचं हाय. सोबत एक छापील कागद हाय, आकड्यांचा. तो आधी बघू नका, पत्र झालं की बघा.

हितं केशव अण्णाच्या गॅरेजात माझं काम काय हाय ते तुमी कधी विचारलं न्हाय. हौशी पोरं गाड्यांची ताकद वाढवून घेतात आणि मंग विचारतात, आता किती घोडे झाले? गाडी रोलरवर चढवून मोजायचं मशीन हाय आमच्याकडं, पण ते महाग पडतं. ज्याला परवडत न्हाय त्याचे घोडे मी फाईलीवरनं काढतो. स्टीअरिंगच्या खाली काडेपेटीएवढं यंत्र खुपसायचं. ते दर सेकंदाला गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाय किती दाबलाय, सगळं मोबाईलमधी लिवत जातं. एवढ्या वजनाची गाडी एवढ्या सेकंदात ह्या वेगावरनं त्या वेगाला गेली, एवढं कळलं की घोडे निघतात. वाऱ्याचं आन् टायरचं थोडं वर धरायचं. आठवी नापास हाय मी, पण हे गणित हातात बसलंय. तुमी तीस वर्षं कंपनीत लेथवर काढलीत, व्हर्नियर खिशात घालून जेवायला बसायचात. माप घेतल्याबिगर तोंड उघडू नगं, हे तुमचंच.

म्हणून माप घेतलंय.

दादाच्या गाडीत तसलं यंत्र व्हतं. मी बारामतीच्या गॅरेजात व्हतो तवा मीच बसवलेलं. त्याची फाईल आपोआप माझ्या मेलवर यायची. शेवटच्या दिवसाचीबी आली. १२ डिसेंबर, दोन वर्षं झाली. मी ती उघडली नव्हती. मेल उघडला की ती दिसायची, मी खाली सरकवायचो.

पण मागच्या महिन्यात आई बोलता बोलता बोलून गेली. दादाच्या पूर्वीनं तुमास्नी विचारलं म्हणं, "आबा, माझे पप्पा लई जोरात गाडी चालवायचे का?" आणि तुमी "व्हय" म्हणालात. निकिता वैनी तितंच भाकऱ्या थापत व्हती. ती उठून गेली, असं आई म्हणाली. सात वर्षांची पोरगी हाय आबा. ती ते "व्हय" जन्मभर बाळगणार. त्याच्या पुढच्या रविवारी मी फाईल उघडली.

लोक म्हणतात एकशेचाळीसला व्हता. तुमीबी तेच म्हणता. आता ऐका. बारामतीपास्नं लासुर्ण्याच्या अलीकडपर्यंत दादाची गाडी एकदाबी सत्तरच्या वर गेली न्हाय. मंग उसाचा ट्रॅक्टर लागला, मागं दोन ट्रॉल्या. दादा त्याच्या मागं सव्वीसच्या वेगानं चार मिनिटं चालला. चार मिनिटं आबा, माणूस मस्तीत असला की एवढा दम काढतो का? संध्याकाळी पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी त्यानं पाय पूर्ण दाबला आन् बाहेर काढली. पाच सेकंदात गाडी सव्वीसवरनं बासष्टला गेली. बासष्ट. तो अजून पुढच्या ट्रॉलीच्याच बाजूला व्हता. सहाव्या सेकंदाला पाय उचललाय. समोरनं टेम्पो आलेला दिसला असणार. सातव्या सेकंदाची ओळ फाईलीत न्हाय.

मी घोडे काढले. अठ्ठेचाळीस आले.

आता खोटं लिवत न्हाय, आकडा बघून मला आनंद झाला. हितं माणूस मेलाय, माझा भाऊ मेलाय, आन् मी कॉम्प्युटरसमोर उभा राहून टाळी वाजवली. अठ्ठेचाळीस म्हंजे ह्या गाडीला कमी. म्हंजे इंजिनातच बिघाड व्हता, म्हंजे कुणाचाच दोष न्हाय. मी केशव अण्णाला बोलावून आणलं. त्यानं कागद बघितला आन् त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "वजन किती धरलंस?"

म्हणलं, एक हजार चाळीस. पुस्तकात हाय तेवढं.

"पुस्तकात रिकामी गाडी असती. गाडी काय भूत चालवत व्हतं?"

त्याला ठाऊक नव्हतं कुणाची फाईल हाय ती. मी दादाच धरला नव्हता, आबा. सगळं धरलं, वारा धरला, टायर धरले, दादाला धरायचा इसरलो.

मंग बसून एकेक मांडलं. दादा अठ्ठ्याहत्तर किलो, लायसनच्या वेळी काट्यावर चढला तवा मी हसलो व्हतो. डिझेल पंचवीस किलो, सकाळीच भरलेलं. वैनीनं मागवलेलं गव्हाचं पोतं, तीस. आन् तुमचा लोखंडी वाईस, टेबलावर काम आवळून धरायचा, अठ्ठावीस. वजन धरलं आन् आकडा वर सरकला. पंचावन्न.

पंचावन्न म्हंजे इंजिन ठणठणीत. मी जुन्या फाईली काढल्या, ताकद वाढवायला मी गाडीला हात लावायच्या आधीच्या. त्याच गिअरमधी, तेवढ्याच वेगाला. एकीत चोपन्न, दुसरीत पंचावन्न.

आता तुमी विचाराल, मंग तू वाढवलेली ताकद कुठं गेली?

ती नव्हतीच आबा.

दादा मला म्हणालेला, "संद्या, ट्रॅक्टरच्या मागं रोज पाऊण तास जातोय रं. पिकअप वाढतो का बघ की." मी म्हणलं, वाढवतो, तीस घोडे वाढवतो. येत व्हतं का मला ते? न्हाय. गॅरेजातल्या पोरांपुढं आन् घरी मी मोठा मेकॅनिक व्हतो एवढंच. मी ऑनलाईन एक डबी मागवली, पायाच्या पॅडलला लावायची. तिनं काय व्हतं, तर अर्धा पाय दाबला तरी गाडीला पूर्ण दाबल्यागत वाटतं. नुसतं वाटतं. पाय पूर्ण दाबला की गाडी व्हती तशीच. एकबी घोडा वाढत न्हाय. डबीबरोबरच्या कागदावर तसं छापलेलं व्हतं. मी तो कागद वाचला व्हता. दादाला दाखवला न्हाय.

ती लावून आमी दोघं वालचंदनगरच्या रोडला गेलो. दादानं पाय लावला आन् ओरडलाच, "आयला! ही तर उडती की!" म्हणलं, मंग, भाऊ कुणाचा हाय? तर म्हणाला, "तुझा न्हाय, तू माझा हायस. आबा तुला उगाच शिव्या घालतात." परत येताना त्यानं मला भेळ खाऊ घातली आन् दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं, ह्यानं गाडीत तीस घोडे घातले. मी मान डोलवली.

फाईलीत अजून एक दिसलं. डबी लावायच्या आधी चार महिन्यांत दादानं दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला त्या पट्ट्यात कधी वलांडलं न्हाय. मागनंच यायचा, फाट्यापर्यंत. डबी लावल्यावर वलांडायला लागला. त्यानं गाडीवर भरवसा टाकला न्हाय, माझ्यावर टाकला.

दहाव्याला तुमी सगळ्या भावकीपुढं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं गाडीत राक्षस घातला आन् त्यो मस्तीनं पळाला!" मी खाली बघत उभा राहिलो. तुमास्नी वाटलं पोरगा शरमला. आबा, त्या शिवीत मला बरं वाटत व्हतं. तुमच्या तोंडनं पहिल्यांदा निघालं की मला काहीतरी येतं. राक्षस घालणारा म्हणवून घिणं परवडलं, भावाला फसवणारा म्हणवून घिण्यापेक्षा. म्हणून दोन वर्षं मी गप. आन् त्या गप बसण्यात दादा मस्तीखोर ठरला, वैनी मस्तीखोराची बायको ठरली.

केशव अण्णाला मी शेवटी सांगितलं फाईल कुणाची हाय. तो म्हणाला, एक गणित मातर करू नको, तीस घोडे खरंच असते तर काय झालं असतं ते. मी केलं. एक सेकंद आधी पुढं निघाला असता. आपल्या बाजूला आला असता.

आणि एक. तो वाईस तुमी दादाला बारामतीहून आणायला सांगितला व्हता, शेडमधी बसवायला. पोलिसांनी परत दिला तसा तो पोत्यातच हाय, तुमी पोतंबी सोडलं न्हाय, असं आई म्हणाली. मला ते ऐकून कळलं तुमी एवढं का ओरडता. म्हणून वाईसचं वजन काढून मी गणित परत केलं. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाचा. त्यानं दादा पुढं गेला नसता. त्यानं काय झालं न्हाय आबा, आकडा कागदावर हाय, तुमीच तपासा. ते तुमच्या अंगावर घिऊ नका.

मला माफ करा असं लिवणार व्हतो, पण ते मागायला मी समोर पाहिजे. तुमी बोलवाल तवा येईन, न्हाय बोलावलं तर न्हाय. मला शिव्या द्या, डेअरीवर द्या, फक्त शिवी बदला. म्हणा, धाकट्यानं फसवलं. आणि कागद वैनीला दाखवा. पूर्वीला जवळ घेऊन सांगा, तुझे पप्पा सव्वीसनं चालले व्हते, चार मिनिटं थांबले व्हते. तुमच्या तोंडनं सांगा, माझं ती ऐकणार न्हाय.

वैनीच्या खात्यावर आज पैसे टाकलेत. दर महिन्याला आईला पाठवतो त्यातले हे नव्हं. हे दादानं तीस घोड्यांचे म्हणून मला मोजून दिलेले. डबी अडीच हजाराची व्हती, बाकीच्याचा मी मोबाईल घेतला. सगळेच परत करतोय.

तुमचा, तुमी म्हणाल तर,
संदेश

रु. १२,०००/-