दहा सेंटीमीटरांचं अतिक्रमण

३ जानेवारी

रोजनिशी सुरू. एक तारखेलाच करणार होतो, पण वही आणल्याबरोबर आईने विचारलं, यात काय लिहिणार? एवढी चौकशी कशाला? दोन दिवस वही मुद्दाम टेबलावर उघडी ठेवून पाहिली. कोणी हात लावला नाही. म्हणजे पाळत फार सावध आहे.

सर्व्हेइंग अँड मॅपिंगच्या पदवीचं शेवटचं वर्ष. मला दुसरीकडे कुठे अ‍ॅडमिशन मिळालं नाही म्हणून मी इकडे आलो, ही अफवा आहे. मिळालं नाही हे खरं. म्हणून आलो हे खोटं. बाबा याला 'चार वर्षं शिकून फीत धरायचा कोर्स' म्हणतात. मागच्या आठवड्यात पाहुण्यांनी मुलगा काय करतो विचारलं, तर बाबांनी पंख्याचा स्पीड वाढवला.

संकल्प: या वर्षी असं काही मोजायचं की बाबांचं तोंड बंद झालं पाहिजे. शिवाय पहाटे उठणे.

९ जानेवारी

उठलो नाही. अलार्म वाजला नाही असं वाटतं. ताई म्हणते वाजला, तिने येऊन बंद केला. तिला कोणी सांगितलं होतं?

आज प्रोजेक्टचं ठरलं. बबल सर (नमस्काराच्या आधी, यंत्र समतल आहे ना बघायला, 'बबल सेंटरला आहे का?' विचारतात म्हणून) म्हणाले, छोटी जागा घ्या, स्वतः मोजा, नकाशा काढा. सगळ्यांना टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आपोआप मोजणारं यंत्र, मिळालं. मला टेप. कारण विचारलं तर म्हणाले, मागच्या टर्मला ट्रायपॉड कोणाच्या हातून पडला? ट्रायपॉड स्वतःहून पडला होता. पण तिथे साक्षीदार मी एकटाच, त्यामुळे माझं कोणी ऐकत नाही.

टेपही जुना, शून्याकडचं टोक झिजून गेलेलं. सर म्हणाले, असं असलं की टेप दहा सेंटीमीटरच्या खुणेपासून धरायचा आणि आलेल्या मापातून दहा वजा करायचे. आणि मग माझ्याकडेच बघून म्हणाले, वजा करायला विसरणारे दरवर्षी निघतात. मी नाही विसरणार. ते माझ्याकडेच का बघत होते?

१४ जानेवारी

जागा सापडली. आमचंच घर आणि शेजारच्या औषधवाल्या काकांचं घर. कागदोपत्री दोन्ही प्लॉट बारा-बारा मीटर रुंद, मध्ये कंपाउंडची एक भिंत. भिंत कधी कोणी मोजली आहे? नाही. मग ती जागेवर आहे हे कशावरून?

संशयाला कारण आहे. काकांचा मुलगा (दुकानात बसतो, वय ताईएवढं) रोज संध्याकाळी भिंतीशी उभा असतो. कुंडीला पाणी घालतो. कुंडी एक, पाणी तीन बादल्या. इतकं पाणी घातलं की पाया भुसभुशीत होतो आणि भिंत सरकते, हे फाउंडेशनच्या पेपरात आलं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ते हेच.

ताईला हेरगिरीवर लावलं आहे. ती लगेच तयार झाली. म्हणाली, रोज संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्ताने जाऊन लक्ष ठेवीन. ताई शाळेत शिकवते, हुशार आहे. घरात एकटी तीच माझ्या बाजूची.

१८ जानेवारी

ताईचा अहवाल: संशयास्पद काही नाही. पण त्यासाठी ती पाऊण तास तिथे होती. दोरीवर कपडे दोनच होते आणि दोन्ही वाळलेले. तिला फितवलं जातंय का, यावर लक्ष ठेवलं पाहिजे. हेरावर हेर ठेवायला घरात माणूस उरलेलं नाही.

२१ जानेवारी

आमचा प्लॉट मोजला. झिजलेल्या टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला मी. टेपवर १२.१० आलं. सरांचा नियम डोक्यात होताच, तिथल्या तिथे दहा सेंटीमीटर वजा केले आणि फिल्डबुकात लिहिलं. बाबा खिडकीतून बघत होते. शेवटी म्हणाले, धरली का फीत? थांबा म्हणावं.

२२ जानेवारी

त्यांचा प्लॉट. काकू आत या, चहा घ्या म्हणून फार आग्रह करत होत्या. नीट मोजू द्यायचं नसलं की लोक चहा पाजतात. नाही घेतला.

टोक धरायला मुलगा स्वतःहून आला. ताईही आली, टेप मध्ये लोंबू नये म्हणून. पण दोघांचं लक्ष टेपकडे नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे. एकमेकांवर पहारा करत असावेत. आकडा मी एकट्याने वाचला: १२.१०. ताई म्हणाली, दहा वजा कर. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, ते मी घरी शांतपणे करणार आहे.

२५ जानेवारी

चोरी सापडली.

शांतपणे बसून हिशेब केला. दोन प्लॉट, म्हणजे दोन वजाबाक्या. पैकी एक मी जागेवरच केली होती. राहिलेली दुसरी आज घरी केली. फिल्डबुकात पहिलं पान आमच्या प्लॉटचं, त्यात केली. आता आकडे असे: आमचा प्लॉट ११.९०. त्यांचा १२.१०. आमचे बरोब्बर दहा सेंटीमीटर गेले आणि त्यांच्याकडे बरोब्बर दहा आले. चेक म्हणून बेरीज केली, चोवीस. एक मिलिमीटरचाही फरक नाही. चोरसुद्धा किती हिशेबी.

ताईला सांगितलं. ती म्हणाली पुन्हा मोज. मी म्हटलं, बेरीज जुळते आहे. तिचा चेहरा उतरला. घरचा भेदी.

२ फेब्रुवारी

कॉलेजात एक मॅपिंग कंपनी इंटरव्ह्यूला आली होती. मला विचारलं, जमिनीच्या वादात सर्व्हेअर कोणाच्या बाजूचा असतो? मी ठामपणे सांगितलं, ज्याने बोलावलं त्याच्या. तिघांनी एकदमच काहीतरी लिहून घेतलं. चांगलं लक्षण आहे.

५ फेब्रुवारी

यादीत नाव नाही. त्यांना बरोबर उत्तर देणारा नको होता, बहुतेक माणूस आधीच ठरलेला होता. बरं झालं. मी स्वतंत्र व्यवसाय करणार.

घरात कुजबुज चालू आहे. मी खोलीत शिरलो की आई आणि ताई गप्प होतात. ताईने नवीन ड्रेस आणलाय.

७ फेब्रुवारी

स्फोट. आई म्हणाली, उद्या शेजारचे काका-काकू आणि मुलगा येणार आहेत, महत्त्वाचं बोलायचं आहे. तू घरीच राहा, नीट कपडे घाल आणि मध्ये मध्ये बोलू नकोस.

म्हणजे कळलं त्यांना. मोजलं ते बघितलंच होतं. कबुली द्यायला येतायत. नकाशा मोठ्या कागदावर प्रिंट केला. गेलेले दहा सेंटीमीटर लाल रंगात. लाल पट्टी फार बारीक दिसत होती, म्हणून जरा जाड केली.

८ फेब्रुवारी

आले. सगळे इस्त्रीचे कपडे घालून. मुलाच्या हातात फुलं. काका हवापाण्याबद्दल बोलले, दुकानाबद्दल बोलले, मूळ मुद्द्याला हात घालेनात. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. शेवटी काका म्हणाले, आता आपल्या दोन घरांमध्ये परकेपणा कसला.

मला वाटलं हीच वेळ. नकाशा काढून भिंतीवर टेकवला आणि म्हटलं, परकेपणा नाही, पण दहा सेंटीमीटर आहेत.

मग सगळं समजावून सांगितलं. मला कोणीही अडवलं नाही. ताईने अडवायचा प्रयत्न केला, पण मी आवाज वाढवला. मी बसल्यावर काकू हळूच म्हणाल्या, आम्ही तर तुमची मुलगी मागायला आलो होतो.

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. कुंडीबद्दल, कपड्यांबद्दल आता नव्याने विचार करावा लागेल.

सगळ्यांत विचित्र बाबा. मला वाटलं ओरडतील. ते उठून नकाशापाशी गेले, बराच वेळ बघत राहिले. मग काकांना म्हणाले, पोराने मोजलंय. आधी भिंतीचं बघू, मग बाकीचं बोलू. काकांनी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळे चहा न घेता गेले. फुलं टेबलावरच राहिली.

१० फेब्रुवारी

ताई माझ्याशी बोलत नाही. कोणाशीच बोलत नाही. शाळेतून येते आणि खोलीचं दार लावून घेते. आईने मला जेवायला वाढलं, पण ताट ठेवताना आवाज झाला.

मी फक्त मोजलं. माप हे माप असतं. लग्न होणार आहे हे आकड्यांना कसं कळणार?

१६ फेब्रुवारी

सकाळी गवंडी आला आणि काकांनी भिंत पाडायला घेतली. वाद नाही, भांडण नाही, पुन्हा मोजणी नाही. दहा सेंटीमीटर त्यांच्या बाजूला सरकवून नवीन भिंत घालणार. हातच्या कंकणाला आरसा कशाला? मनात चोरी नसती तर माणूस इतक्या मुकाट्याने भिंत पाडेल?

बाबा दिवसभर अंगणात उभे होते. संध्याकाळी पोस्टमनला, त्याने काही विचारलं नसताना, म्हणाले, आमचा मुलगा सर्व्हेअर आहे. मी आतून ऐकलं. बाबा 'सर्व्हेअर' म्हणाले, फीत म्हणाले नाहीत. हे ऐकण्यासाठीच मी चार वर्षं काढली.

ताई अजून बोलत नाही.

२७ फेब्रुवारी

व्हायवा. बाहेरून आलेल्या मॅडम. पहिलाच प्रश्न, टेप झिजलेला होता, मग शून्य कुठून धरलं? मी म्हटलं, दहापासून. वजा केले? मी म्हटलं, दोनदा केले मॅडम, दोन प्लॉट, दोन वजाबाक्या.

त्यांनी फिल्डबुक पाहिलं, नकाशा पाहिला. बबल सरांनी डोळे मिटले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'दोन्ही एकाच प्लॉटमधून केल्यात.'

मी म्हटलं, पण बेरीज चोवीस येते. त्या म्हणाल्या, येणारच. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवलं तर माणूस गरीब होतो का? दोन्ही प्लॉट बारा-बारा आहेत. भिंत जागेवरच आहे.

मी म्हटलं, आता नाही.

२८ फेब्रुवारी

प्रोजेक्ट नापास. पुढच्या टर्मला पुन्हा.

मूळ दोष टेपचा. तो टेप मलाच का दिला? नियम एका वाक्यात नीट सांगता आला असता, 'प्रत्येक प्लॉटमधून एकदा.' सर तसं म्हणाले नाहीत. शिवाय ताईला शंका आली होती तर तिने जोर का धरला नाही?

हे सगळं लिहून काढलं तरी बरं वाटत नाही.

१ मार्च

बाबांनी ऑफिसातल्या एका साहेबांना घरी आणलं, नवीन भिंत दाखवायला. मला बाहेर बोलावलं. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. नंतर खरंच बिघडलं.

३ मार्च

काकांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत खोकल्याच्या औषधांची नावं वाचत उभा राहिलो. टेप सदोष होता असं म्हणून सुरुवात केली, पण मध्येच गाडी अडली आणि म्हटलं, काका, वजाबाकी माझी चुकली. तुमची भिंत बरोबर होती.

काका म्हणाले, ठाऊक आहे.

ती भिंत त्यांनी आणि बाबांनी मिळून घातली होती म्हणे, मी जन्मायच्या आधी. दोघांनी दोरी धरून, तीनदा मोजून. हे मला घरात कोणी कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, म्हणजे बाबांनाही ठाऊक होतं? काका म्हणाले, 'आम्ही येऊन गेलो त्या रात्री तुझे बाबा माझ्याकडे आले होते. म्हणाले, दोरी आपलीच चुकली असेल रे, पोरगा शिकलाय. आता यावर मी काय बोलू? तुझ्याबद्दल ते इतकं बरं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.'

आणि ताई? मी विचारलं. काका म्हणाले, भिंतीचं मिटलं की तिचंही मार्गी लागेल असं वाटलं होतं, पण तुझे बाबा संकोचलेत. आम्ही जागा दिली म्हणून त्यांनी मुलगी दिली, असं लोक म्हणतील म्हणतात.

गिऱ्हाईक आलं. काकांनी मला पोटाची गोळी दिली. मी मागितली नव्हती.

घरी येऊन विचार केला. काकांनी हे का केलं? त्यात त्यांचा काय फायदा? सगळ्या बाजूंनी तपासलं. फायदा काही सापडत नाही. असं माझं आजवर कधी झालं नव्हतं.

५ मार्च

पहाटे उठलो. झोपच लागली नव्हती.

बाबा अंगणात नवीन भिंतीवर पाणी मारत होते. सांगितलं. सगळं, वजाबाकीसकट. बाबांनी नळ बंद केला. विचारलं, त्यांना ठाऊक आहे? मी म्हटलं, आधीपासून. बाबांनी भिंतीकडे पाहिलं. वाटलं आता फीत म्हणणार. चपला घातल्या आणि शेजारी गेले. मग आईला बोलावणं आलं. मग ताईला. मला नाही.

इकडे मी भिंतीला कान लावून उभा. आधी बाबांचा आवाज, बराच वेळ एकटाच. मग काका हसले. बाबाही हसले. मग ताई हसली, महिनाभरात पहिल्यांदा. सगळे माझ्यावरच हसत होते, यात तिळमात्र संशय नाही.

पुढच्या टर्मच्या प्रोजेक्टसाठी बबल सरांनी जागा स्वतः निवडली आहे. मोकळं मैदान, आजूबाजूला घर नाही.

आत्ता ताईने भिंतीवरून डोकावून हाक मारली. म्हणाली, ये चहाला, पण येताना टेप आणू नकोस.