पिना बदलायच्या राहिल्या

प्रिय ताई,

हा तिसरा कागद. पहिले दोन फाडले. दुकानात, किल्ल्या कापायच्या मशीनशेजारी बसून लिहितोय, आणि दर दोन ओळींना उठून उगाच काहीतरी घासत बसतोय. आताच एक बाई ऑफिसच्या कपाटाचं कुलूप घेऊन आल्या, त्यांना उद्या या म्हटलं. मी गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतो, यावरून माझी अवस्था ओळख.

तुझा निरोप परवा मिळाला. भाच्यानं आणि सूनबाईंनी आता मूल होऊ द्यायचं ठरवलंय, आणि तू आजी व्हायच्या आधीच लोकर आणून बसलीस. वाचून हसलो आणि लगेच चिमणीचा नवा रिपोर्ट पुन्हा काढून वाचला. का, ते सांगायलाच बसलोय, पण मला सगळं क्रमानं सांगायची खोड, ती तू लहानपणापासून सोसलीयेस.

चिमणी आता अकराची आहे. तिचं नाव आपण चिमणी का ठेवलं, आठवतं ना? जन्मली तेव्हा कापसाच्या बाहुलीसारखी लुळी. रडणं नाही, चोखणं नाही, दूध चिमणीच्या पिलासारखं थेंबाथेंबानं पाजायचं. आणि तिसऱ्या वर्षापासून जी भूक लागली, ती आजतागायत थांबलेली नाही. पोट भरल्याचा सांगावा तिच्या मेंदूपर्यंत पोचतच नाही. म्हणून माझ्या स्वयंपाकघरात कुलपंच कुलपं. बायको म्हणते, घरभर कुलपं लावलीत, तेवढं स्वतःच्या तोंडाला लावा, म्हणजे तुमची व्याख्यानं तरी थांबतील. मागच्या महिन्यात चिमणीनं साबणाच्या वडीवर किल्लीचा छाप घेतला, दुकानातली एक टाकाऊ किल्ली घासली आणि साखरेचा डबा संपवला. मी जाम ओरडलो. मग ती किल्ली उजेडात धरून पाहिली. ताई, दात असे नेमके की मलाच अभिमान वाटला. आता सांग, अशा वेळी बापानं रागवायचं कसं?

रोगाचं नाव डॉक्टरांनी ती लहान असतानाच सांगितलं होतं. तो तिला का झाला, ते आता नव्या तपासणीत कळलं. ते मला कुणी समजावलं नाही. डॉक्टरीणबाई पाच मिनिटं बोलल्या, मी सहा महिने वाचलं, शब्दकोश मांडीवर घेऊन. बहुतेक जीन्सच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, काम करतात. मोजक्या ठिकाणी मात्र मिथाइलच्या बारीक रासायनिक खुणा असतात, आणि त्यांच्यामुळे एकच प्रत चालते, दुसरी गप्प राहते. चिमणीच्या दुखण्याची जी जागा, तिथे आईकडची गप्प, बापाकडची चालू. गर्भ अगदी सुरुवातीचा असताना इतर बहुतेक खुणा पुसल्या जातात, पण या जपल्या जातात. पेशी दुभंगली की डीएनएच्या नव्या धाग्यावरही उतरतात. त्या पुसायची वेळ एकच, पुढच्या पिढीचं बीज घडताना. तेव्हा जुनं सगळं काढायचं आणि नवी मांडणी करायची, बीज बाईचं तर आईची, पुरुषाचं तर बापाची.

आमच्या धंद्यात हेच करतात. खोलीत नवा भाडेकरू आला की कुलूप फेकत नाहीत, आतल्या जुन्या पिना काढून नव्या बसवतात, म्हणजे जुनी किल्ली लागत नाही. माझ्या एका गुणसूत्रावर पिना बदलण्याचा हुकूम देणारा बारीकसा तुकडाच गळालेला आहे. ते गुणसूत्र मला आईकडून आलं. माझ्यात ते आईचं म्हणून गप्पच राहायचं होतं, म्हणून मी ठणठणीत. पण माझ्याकडून चिमणीला जाताना त्यावर बापाच्या पिना बसायला हव्या होत्या, त्या माझ्या आईच्याच राहिल्या. तिच्या आईकडची प्रत गप्प, माझ्याकडचीही गप्प. बायकोचं रक्त तपासलं, त्यात काही नाही. बाबांचाही संबंध नाही. त्यांच्याकडून आलं असतं तर हे दुखणं मलाच झालं असतं.

म्हणजे आपली आई, ताई. कुणालाही जन्मात टाकून न बोललेली आपली आई. तिलाही ते तिच्या आईकडूनच आलं असणार.

तुझा निरोप आला त्या दिवशी बायको म्हणाली, आता तरी ताईंना कळवा. मला वाटलं, तू इतकी वर्षं चिमणीवरून तिच्या माहेराला नावं ठेवलीस, त्याचं उट्टं तिला काढायचंय. मी तसं बोललोही. ती म्हणाली, माझं जाऊ द्या हो, तो पोरगा बाप व्हायला निघालाय.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. तो तुकडा तुझ्यातही गळालेला असू शकतो, शक्यता अर्धी. तुला काही होणार नाही, तुझ्या लेकीच्या मुलांनाही नाही. पण तुझ्याकडून तो भाच्यात उतरला असेल, तर त्याच्या दर मुलाला हे होण्याची शक्यता अर्धी. तू रक्त दे. तपासणी होते तिथला पत्ता सोबत ठेवलाय, सुईला घाबरत असशील तर मी येतो. हे एवढं लिहायला तीन कागद लागले, कारण ज्या गोष्टीपासून सावध राहा म्हणून सांगतोय, ती गोष्ट समोर बसून माझ्या पट्टीनं किल्लीचे दात मोजतेय. माझं पोर नसतं तर बरं झालं असतं, असं मी लिहीत नाहीये, आणि तसं कुणी वाचूही नये. भाच्यानं काय ठरवायचं ते त्याचं तो ठरवील. फक्त ठरवायच्या आधी दोघांना एक दिवस दुकानात पाठव. चिमणी त्यांना किल्ली घासायला शिकवेल. चुकलं की खेकसते, माझ्यावर गेलीये. येताना खिशात खायचं काही ठेवू नका म्हणावं, शोधून काढेल.

तुझाच,
लहानपणी घरातली घड्याळं खोलून ठेवणारा खटपट्या