बंगळूरची लाल टाचणी

बसवनगुडी, बंगळूर
ऑगस्ट १९६२

तीर्थरूप ठकुआत्यास,

प्रेमाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (नागनाथमास्तर, "बरा आहे" म्हणाली तर तिला उठून दाखवायला सांगा. आणि वाचून दाखवताना कंसातलं गाळू नका, तिला कळतं.) मी खुशाल आहे; फक्त झोप नाही, भूक नाही आणि हातांना खाज आहे.

माझं काम काय, असं तू विचारलं होतंस. परदेशातून येऊन आपल्या देशात पसरलेली झाडंझुडपं कुठकुठे पोचली, ते भिंतीवरच्या नकाशात टाचण्या लावून दाखवायचं. घाणेरीच्या टाचण्यांनी डोंगर झाकले, जलपर्णीच्या टाचण्यांनी तळी. (घरातली पहिली शिकलेली मुलगी दिवसभर भिंतीला टोचत असते, हे गावात सांगू नकोस.) गाजरगवताच्या लाल टाचण्या मात्र तुमच्या पुण्याकडेच होत्या. बंगळूर स्वच्छ, असं आमचे साहेब हयवदनराव वर कळवून बसले होते. आणि परवा घरमालकीण गंगव्वांनी देवाला वाहिलेली पांढरी फुलं पाहून माझ्या हातातलं तबकच पडलं. परसात, माझ्या खिडकीखाली, गाजरगवताचं शेत! गंगव्वा म्हणतात, "एष्टु चंद! किती सुंदर! पाणी नको, खत नको." त्यांनी रोपं गल्लीभर वाटली आहेत, वर "आमच्या भाडेकरणीच्या खिडकीखालची" असं सांगून. मी सकाळी उपटते, त्या दुपारी परत लावतात.

मी बंगळूरला टाचणी लावली. साहेबांनी काढली. मी पुन्हा लावली. "प्रेमाबाई, पुरावा?" मी फुलांची पुडी उघडली, साहेबांनी शिंकत शिंकत मान्य केलं. आता विचारतात, हे आलं कुठून? सोमवारी सांगायचंय. नोकरी अजून कच्ची आहे, आत्या. खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगवत नाही.

मास्तर तुझं पत्र लिहितात आणि तू सहीऐवजी परसातलं फूल घालतेस ना? टपालात चुरा होऊन येतं, म्हणून मला ते शेवंतीचं वाटायचं. ते गाजरगवत आहे. दर पत्र मी खिडकीत बसून उघडते, फूल हुंगते आणि चुरा बाहेर झटकते.

तुझी,
प्रेमा

ता. क. सोमवारी खरं सांगितलं. साहेब नकाशासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आत्याबाई आणखी कुणाला पत्रं पाठवतात?" मी म्हटलं, उपेंद्रदादाला, नागपूरला. त्यांनी डबीतून आणखी एक टाचणी काढली. नोकरी आहे.

ता. ता. क. आता फूल नको, सही हवी. मास्तर, पाटी घेऊन जा. "ठकु", दोनच अक्षरं आहेत. गुडघ्याची सबब ऐकू नका. (वाकडी आली तरी चालेल, आत्या. मी तीही हुंगणार आहे.)