धोंडिबांना काय म्हणावं

१७ जानेवारी १९६०
ट्रंकेच्या तळाशी पोलिश शब्दांची वही सापडली. कसर लागलीय. कोल्हापूरजवळच्या छावणीत, लढाईत देशोधडीला लागलेल्या त्या लोकांच्या दुकानात मी वजनं करायचो, तेव्हाची. वय अठरा. सुरुवातीलाच लिहिलंय: पुरुष असेल तर 'पान', बाई असेल तर 'पानी'. समोर उभ्या माणसालाही 'तू' नाही. 'पानांना साखर हवी का?' असं विचारायचं. संडास झाडणारा म्हातारा यान. प्राध्यापकाची बायको त्यालासुद्धा 'पान्ये यान्ये' अशी हाक मारायची. 'तू' म्हणायचं तर आधी परवानगी, आणि तीही वडीलधाऱ्यानं द्यायची.
सुमनला वाचून दाखवलं. म्हणाली, "मला अगं म्हणता, ते कुणाला विचारून?"


२६ जाने.
झेंडावंदन. शाळेच्या भिंतीसाठी श्रमदान केलेल्यांची नावं वाचली, सगळ्यांना श्रीयुत. शेवटी श्रीयुत धोंडिबा रखमाजी. म्हणालो, या धोंडिबा, पुढे या, बसा. महारवाड्यातले, पंचावन्नच्या पुढचे. निम्मे दगड एकट्यांनी वाहिले. गाव त्यांना धोंड्या म्हणतं, शेंबडी पोरंसुद्धा. बाकाच्या टोकाला कसेबसे टेकले. शेजारी बसलेले पाटील थुंकायला म्हणून उठले ते परत बसायला आलेच नाहीत.
मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. छाती फुगवूनच घरी आलो.

३० जाने.
पाटलांच्या खळ्यावर भाताची मळणी. धों. दरवर्षी असतात. मजुरीला भात मिळतं, त्यावर घर कसंबसं पावसाळा गाठतं. आज ते खळ्यात उतरायला गेले तर पाटील हात जोडून उभे.
"या रावसायेब. आपन कशाला तसदी घेताय? आपल्या पायाला पेंढा टोचंल."
कडेला पोतं टाकून त्यांना बसवलं. शाळा सुटल्यावर मी पाहिलं, तेव्हा अजून तिथंच. उठून जायचीही सोय नव्हती, पाटलांनी बसवलेलं. संध्याकाळी सगळ्या गड्यांना भात मापून दिलं. त्यांना काम नाही, म्हणून भात नाही.

४ फेब्रु.
आता सगळं गाव त्यांना अहो-जाहो करतंय. वाटेत दिसले की लोक बाजूला होऊन वाट देतात, वाकून. काम मात्र कुणी सांगत नाही. रावसाहेबांना लाकडं फोडायला सांगणार कसं, म्हणतात आणि फिदीफिदी हसतात.
माझ्या वर्गातली पोरंही त्यांच्या मागून ओरडत गेली, रावसायेब, दमलात का? मी छडी घेतली. एकजण म्हणाला, "गुरुजी, मोठ्यांशी मानानं बोला, तुमीच सांगितलं."
छडी ठेवून दिली.

९ फेब्रु.
पाटलांकडे गेलो. चहा दिला, अगदी कपबशीत. मी विषय काढला. शांतपणे म्हणाले, "आमी शिवी दिली का त्याला? मानानंच बोलतुया. तुमीच शिकवलं न्हवं गावाला?"
पौडला मामलेदार कचेरीत जाऊन अर्ज द्यावा असं डोक्यात होतं. परतताना मजकूर जुळवत होतो. लोक यांच्याशी आदराने बोलतात, तरी चौकशी व्हावी. असा अर्ज कोण घेईल? माझी मलाच लाज वाटली.

१५ फेब्रु.
धों. कामासाठी पिरंगुटला जाऊन आले, भरे गावालाही. गोष्ट त्यांच्या आधी पोचलेली. तिथंही या, बसा, पाणी घ्या (वरून ओंजळीत), आणि काम नाही.
सुमन तांदूळ घेऊन गेली होती. सांगत होती, चूल थंड, सून सात महिन्यांची गरोदर, नाचणीची आंबील पिऊन आहे. मग माझ्यावर घसरली. "तुम्ही बोलून मोकळे झालात. भोगतायत ते." 

२२ फेब्रु.
शाळा सुटल्यावर धों. आले. पायरीपाशी उभे. बसा म्हणालो, बसले नाहीत.
"गुरुजी, मला अरं म्हना. चावडीम्होरं, समद्यांच्या देखत. तुमच्या तोंडून ग्येलंय, तुमच्याच तोंडून माघारी आलं पायजे."
मी बरंच बोललो. माणसाची किंमत, नवा काळ, तुम्ही दीक्षा घेतलीत ती कशासाठी. छावणीतल्या यानचंही सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.
"त्यो म्हातारा बरा व्हता," म्हणाले. "त्याला पगार व्हता का?"
होता. महिन्याच्या महिन्याला.
"मंग?"
मग दोघांनी दिवस ठरवला.

२५ फेब्रु.
केलं.
चावडीसमोर पाटील, सात-आठजण. धों. ठरल्याप्रमाणे रस्त्यानं आले. मी ओरडलो, "ए धोंड्या, शाळेचं अंगण कोण झाडणार, तुझा बाप?" बाप काढायचं ठरलं नव्हतं. ते कुठून आलं कळत नाही. सफाईनं आलं, जन्मभर म्हणत असल्यासारखं.
"जी, झाडतो," म्हणाले, वाकून.
पाटील मनापासून हसले. मला तंबाखू पुढे केली. घेतली मी.
सुमनला सांगितलं नाही. तिला पाणवठ्यावर कळलंच.

३ मार्च
त्यांना काम मिळायला लागलंय. पाटलांच्या गोठ्याचा कूड, वैरणीची गंजी. हाका ऐकू येतात, धोंड्या, अरे धोंड्या. गाव निवांत. मलाही लोक पूर्वीपेक्षा जवळचं मानतात. वांगी, पावटे दारात येऊन पडतात. सुमन शिजवते, पण आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते.

९ मार्च
पौडच्या वाटेवर धों. भेटले. डोक्यावर मोळी. मागं-पुढं चिटपाखरू नाही. मला वाटलं, निदान इथं तरी. म्हणालो, "धोंडिबा, त्या दिवशीचं मनात ठेवू नका. कसे आहात तुम्ही?"
थांबले. मोळी उतरवली नाही.
"येकट्यात बी नगा म्हनू, गुरुजी. तुमी असं बोललात की मान वर हुती. मंग दीसभर खाली जात न्हाई. लोकास्नी दिसतं."
आणि गेले. 
उद्या शाळेच्या छपराला माणूस लागणार. काम त्याचंच, त्यांचंच आहे. निरोप धाडायला हवा. कागद घेऊन बसलोय. पहिला शब्द